पिकअपचा एक्झॉस्ट बदलायचाय? आधी धूर अडतोय कुठे ते शोधा

‘मोठा पाइप टाक, गाडी उडेल’ असं सांगणारा एक तरी माणूस गोव्यात म्हापशापासून काणकोणपर्यंतच्या प्रत्येक गॅरेजात बसलेला असतो. तो अगदीच खोटं बोलतो असं नाही. पण त्याची गाडी कुठली, इंजिन कुठलं, आधीचा सायलेन्सर किती सडलेला होता, हे तो सांगत नाही. सडलेला काढून नवा टाकला तर कंपनीचाच टाकला असता तरी गाडीत फरक पडला असता. श्रेय मात्र मोठ्या पाइपाला जातं.

बेळगावहून चोर्ला घाटातून भाजी आणणारी बोलेरो पिकअप, पेडण्यात चिरे वाहणारी योद्धा, मालीमच्या जेटीवरून मासळी उचलणारी दोस्त आणि शनिवार-रविवार सत्तरीच्या रानात फिरायला घेतलेली व्ही-क्रॉस, या चारही गाड्यांना एकच सल्ला लागू पडत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कामाच्या पिकअपवर एक्झॉस्टचा पैसा आधी दुरुस्तीवर घालावा, मग धातूवर, आणि व्यासावर सगळ्यात शेवटी. आवाजावर तर मुळीच नको.

धूर जातो कसा, ताकद अडते कुठे

अडीच लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्यांनी) फिरतं तेव्हा दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला १५०० वेळा स्वतःच्या आकाराएवढी हवा ओढतं, म्हणजे ३७५० लिटर. टर्बोने, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याने, एक बार दाब चढवला की, सगळी घट-तूट धरून, बाहेरची सहा हजार लिटरच्या आसपास हवा आत जाते. ती जळून साडेचारशे अंशांना तापून बाहेर येते तेव्हा फुगून तेरा-चौदा हजार लिटर होते. आतून ४७ मिमी असलेल्या पाइपातून एवढा वायू काढायचा तर तो ताशी साडेचारशे किलोमीटरहून जास्त वेगाने पळावा लागतो. हिशोब ढोबळ आहे, पण पाइपात काय चाललेलं असतं त्याचा अंदाज येतो.

या वेगाने जाताना वायूला जो विरोध होतो, तो ढकलायला इंजिनाला स्वतःची ताकद खर्चावी लागते. हेच बॅक प्रेशर. ‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच’ हे वाक्य गॅरेजात वारंवार कानावर पडतं. बॅक प्रेशर कुठल्याच इंजिनाला उपयोगाचं नसतं. टर्बो नसलेल्या पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनाला वायूचा वेग मात्र लागतो. एका सिलिंडरमधून सुसाट बाहेर पडणारा वायू मागे कमी दाब सोडतो, आणि त्या ओढीने पुढचा जळका वायू निघायला मदत होते. पाइप फार मोठा केला तर हा वेग मरतो आणि खालच्या आरपीएमची ओढ कमी होते. सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या मालगाड्यांनी म्हणूनच पाइप मोठा करण्याच्या नादी लागू नये. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरला ती चूक लगेच जाणवते.

टर्बो डिझेलचं गणित वेगळं. टर्बोचा पंखा फिरतो तो त्याच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांच्या फरकावर. नंतरचा दाब कमी केला तर पंखा लवकर वेग घेतो, बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) थोडं आधी येतं, धुराचं तापमान उतरतं. म्हणून टर्बो डिझेलमध्ये टर्बोनंतर पाइप मोठा असला तरी बिघडत नाही. फक्त तो मोठा केल्याने मिळतं किती, हा प्रश्न उरतो.

मिळतं थोडंच, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे डिझेल किती सोडायचं आणि बूस्ट किती ठेवायचं हे ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ठरवतो. वाट मोकळी झाली म्हणून तो आपणहून जास्त डिझेल सोडत नाही. ठरलेला टॉर्क मिळाला की तिथेच थांबतो. दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही: पाइपातला विरोध वायूच्या प्रवाहाच्या साधारण वर्गाने वाढतो. प्रवाह निम्मा झाला की विरोध चौथ्या हिश्शावर येतो. भरलेली पिकअप अनमोड घाटात चालते ती दीड ते अडीच हजार आरपीएमच्या मध्ये. हायलक्सच्या ऑटोमॅटिकचा ५०० न्यूटन-मीटर टॉर्क १६०० आरपीएमपासून २८०० पर्यंत मिळतो, बाकीच्या पिकअपही अशाच खालच्या पट्ट्यासाठी बनवलेल्या असतात. मोठ्या पाइपाचा फायदा दिसतो तो सगळ्यात वरच्या आरपीएमला, जिथे मालाची गाडी क्वचितच जाते. कंपनीच्या ट्यूनवर (ईसीयूच्या मूळ सेटिंगवर) नुसता मागचा पाइप बदलून मिळणारी वाढ बहुधा एक आकडी हॉर्सपॉवरची असते. तेवढा फरक एसी चालू-बंद केल्यानेही पडतो.

पहिली पायरी: तक्रार नीट ऐका

‘गाडी ओढत नाही’ या तीन शब्दांत दहा आजार दडलेले असतात. एअर फिल्टर चोंदलाय का, इंटरकूलरचा होज फाटलाय का, क्लच घसरतोय का, मागचा ब्रेक चिकटतोय का, हे आधी बघा. चिऱ्यांच्या खाणीवर जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर सर्व्हिस बुकात लिहिलेल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. लाल धूळ त्याला कितीतरी आधी बसवते.

धुराच्या रंगाकडेही लक्ष द्या. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, आणि यात तुंबलेला एक्झॉस्टही आला. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहिला तर इंजेक्टर किंवा कूलंटकडे बघा, सायलेन्सरला हात लावू नका.

एक्झॉस्टवर संशय कधी घ्यावा? खाली ठीक चालते, पण गिअर ताणला की वर कोणीतरी मान धरल्यासारखी अडते, ॲव्हरेज हळूहळू घसरलंय, बॉनेटखालची धग वाढलीय, अशी लक्षणं एकत्र आली तर. टर्बोच्या आधीच्या जोडात गळती असेल तर उलट चित्र दिसतं: बूस्ट उशिरा येतं, आणि थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभर टिक-टिक आवाज येतो. मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा भाग) तापून फुगला की तो आवाज बंद होतो, म्हणून गॅरेजात गाडी गरम पोचली की ‘काहीच नाही’ असा निकाल मिळतो. असं असेल तर गाडी रात्रभर गॅरेजातच ठेवा आणि सकाळी मेस्त्रीसमोर सुरू करा.

दुसरी पायरी: गाडीखाली जा

गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. एक्झॉस्ट थंड असावा.

पुढून मागे या. मॅनिफोल्ड आणि टर्बोचा जोड, मग लवचिक बेलो (हादरे झेलणारा तुकडा), मग कन्व्हर्टर (घातक वायू कमी करणारा डबा) किंवा डीपीएफ (काजळी अडवणारी जाळी), मग मधला पाइप, सायलेन्सर, शेपटी (पाइपाचं बाहेरचं टोक). गळती असेल तिथे काजळी पंख्यासारखी पसरलेली दिसते: जोडाच्या फटीजवळ गडद, बाहेर जाताना फिकट. बोटाने पुसून बघा. सुकी काजळी म्हणजे नुसती गळती. तेलकट चिकट काजळी असेल तर टर्बोच्या सीलकडेही बघायला हवं.

मग रबरी हातोडीने सायलेन्सरवर हलकं ठोका. चांगला सायलेन्सर ठोस वाजतो. आतली जाळी किंवा पडदे सुटले असतील तर खुळखुळ ऐकू येते. असा एखादा सायलेन्सर कापून बघण्यासारखा असतो. बाहेरून नुसता तांबूस दिसणारा डबा आतून पापुद्रे सुटलेला, तळाशी काळपट-विटकरी चिखल, भोकांची नळी एका बाजूला दबलेली आणि सुटलेला पडदा नेमका बाहेर जाण्याच्या तोंडावर आडवा. इंजिन तापून वायूचा जोर वाढला की तो पडदा तोंड झाकतो, जोर उतरला की बाजूला होतो. कधी ओढते आणि कधी नाही, अशा गाडीचं कोडं पुष्कळदा इथे सुटतं.

आपल्याकडे हे लवकर का होतं? डिझेल जळताना पाणी तयार होतं. लांब पल्ल्यात ते वाफ होऊन निघून जातं. जेटी ते बाजार, बाजार ते बर्फाचा कारखाना असल्या छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही, पाणी तळाशी साचतं आणि काजळीत मिसळून आम्लासारखं वागतं. बाहेरून खारा वारा, मासळीच्या क्रेटमधून ठिबकणारं खारट पाणी आणि चार महिन्यांचा पाऊस. दोन्हीकडून खाल्लं जातं. सायलेन्सरच्या तळाला कंपनीने ठेवलेलं बारीक भोक हे पाणी निघण्यासाठीच असतं. ‘इथून लीक आहे’ म्हणून ते वेल्ड करून बुजवलेलं मी पाहिलंय. ते बुजलं असेल तर मोकळं करून घ्या.

दुहेरी भिंतीच्या पाइपांची आणखी एक खोड आहे. बाहेरची भिंत धडधाकट असते आणि आतली कोसळलेली. डोळ्यांना ते दिसत नाही, मापल्यावरच कळतं. बरेच महिने उभ्या गाडीच्या शेपटीत कुंभारीण माशीचं मातीचं घरही सापडतं. हसू नका, टॉर्च मारून बघा.

तिसरी पायरी: बदलण्याआधी मोजा

बॅक प्रेशर गेज ही महाग वस्तू नाही. तापमानाच्या सेन्सरचं भोक वापरून ते तात्पुरतं बसवता येतं. डीपीएफ नसलेल्या बऱ्याच टर्बो डिझेल इंजिनांना टर्बोनंतर पूर्ण भाराला साधारण १० किलोपास्कलच्या आत दाब चालतो. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघा. टर्बोच्या लगेच मागे एकदा आणि सायलेन्सरच्या लगेच आधी एकदा, असं दोन ठिकाणी मोजलं की धूर कुठे अडतो ते कळतं. सायलेन्सरआधीही दाब जास्त असेल तर दोष सायलेन्सरमध्ये किंवा शेपटीत. तिथे कमी आणि टर्बोमागे जास्त असेल तर कन्व्हर्टर, डीपीएफ किंवा मधला पाइप. पाच हजाराचं काम की पन्नास हजाराचं, हे या दोन आकड्यांवर ठरतं.

बीएस-६, म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमांच्या, गाडीला गेजही लागत नाही. डीपीएफच्या आधी आणि नंतर किती दाब आहे हे सांगणारा सेन्सर गाडीतच असतो. ओबीडीला (गाडीच्या संगणकाच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ रीडर आणि मोबाइल ॲप घेतलं तर बऱ्याच गाड्यांत तो फरक, काजळीचा साठा, बूस्ट आणि धुराचं तापमान दिसतं. गाडी नवी असतानाच हे आकडे एकदा लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे तुलना करायला आपल्याच गाडीचं माप हाती राहतं.

रस्त्यावरची चाचणी सोपी आहे, शिस्त मात्र लागते. वजनकाट्यावर वजन करून ठराविक माल भरा. टायरची हवा तीच, पंपही तोच, एसी बंद. धारगळच्या बाजूला राष्ट्रीय महामार्गाचा सरळ पट्टा आहे. पहाटे वाहतूक नसताना तिसऱ्या गिअरला ३० वरून ६० वर जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने मोजावं, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा. त्यानंतर केरीहून चोर्ल्याचा चढ त्याच मालाने चढा आणि कुठल्या वळणावर कुठला गिअर लागला ते टिपा. ॲव्हरेज टाकी काठोकाठ भरून ते पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचं धरावं, डॅशबोर्डवरचं नको. बदलानंतर हेच सगळं पुन्हा करा. हे न करता ‘एकदम हलकी झाली’ म्हणणारे बहुतेक आवाजाला भुललेले असतात. कानाला जोर वाटला की पायही ॲक्सिलरेटरवर जोरात पडतो.

चौथी पायरी: आपली गाडी कुठल्या गटातली ते ठरवा

बीएस-३ आणि बीएस-४ च्या जुन्या पिकअपमध्ये सुधारणेला जागा आहे. मूळ पाइप बऱ्याचदा दाबून वळवलेला असतो, म्हणजे वाकणावर तो चपटा झालेला असतो. तिथे गुळगुळीत वळणाचा, अर्धा इंच मोठा पाइप आणि सरळ वाटेचा पण पुरेसा लांब सायलेन्सर टाकला तर गाडी वरच्या आरपीएमला मोकळी होते आणि घाटात धुराचं तापमान थोडं उतरतं. कन्व्हर्टर मात्र जागेवर राहिला पाहिजे.

बीएस-६ गाडी म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची. इथे टर्बोला चिकटूनच ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट (डिझेलचा कन्व्हर्टर) आणि डीपीएफ बसवलेले असतात, काही गाड्यांत पुढे ॲडब्लूची (धुरात फवारायच्या युरियाच्या द्रावणाची) यंत्रणाही. दाब पडतो तो मुख्यतः याच भागात. मागचा पाइप कितीही मोठा केला तरी डीपीएफच्या जाळीची भोकं मोठी होत नाहीत. या गाडीची ‘परफॉर्मन्स’ वाढवायची म्हणजे डीपीएफ साफ राहील असं बघायचं, एवढंच.

डीपीएफ काजळी साठवतो आणि भरला की ईसीयू जास्तीचं डिझेल सोडून त्याला साधारण ६०० अंशांपर्यंत तापवून ती जाळतो. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालावी लागते. मडगाव शहरातच फिरणारी गाडी हे काम पुरं करू शकत नाही. दर वेळी अर्ध्यावर इंजिन बंद झालं की जाळी चोंदत जाते, आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या महामार्गावर नेणं आणि कंपनीने सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच वापरणं, हे कुठल्याही सायलेन्सर किटपेक्षा जास्त ताकद वाचवतं. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही. ती साठली की डीपीएफ उतरवून साफ करावा लागतो.

आणि हे जाळणं चालू असताना गाडी सुक्या गवतावर किंवा पातेऱ्यावर उभी करू नका. फेब्रुवारी ते मे या काळात काजूच्या बागांत जमीन कडकडीत सुकलेली असते, आणि खालून सहाशे अंशांचा डबा. बोंडू भरायला गाडी आत नेली तर आधी जागा झाडून घ्या.

व्ही-क्रॉस, हायलक्स हा तिसरा गट. यांचे मालक बहुधा हौसेने बदल करतात, आणि बाजारात यांच्यासाठी तयार किटही मिळतात. डीपीएफच्या मागचा भाग चांगल्या स्टेनलेसचा केला तर टिकाऊपणा मिळतो, आवाज थोडा भारदस्त होतो, आणि ताकद जवळपास तेवढीच राहते. हे मान्य असेल तर खुशाल करा, पण खालचा कायद्याचा भाग वाचून.

कायदा काय म्हणतो

डीपीएफ किंवा कन्व्हर्टर काढून टाकणं आणि ईसीयूला खोटे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर भरणं, याला ‘डिलीट’ म्हणतात. यातून ताकद मिळते हे खरं आहे. ते बेकायदा आहे हेही खरं, आणि त्या काजळीचा वास तुमच्याच वाड्यावरच्या पोरांना येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठाम केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. धूर आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो, तिथे गाडीखाली बघितलं जातं. पीयूसीच्या धूर चाचणीत बीएस-४ डिझेलची मर्यादा १.६२ प्रति मीटर (धूर किती प्रकाश अडवतो त्याचं माप) आहे, त्याआधीच्या गाड्यांची २.४५.

तेव्हा सुरक्षित वाट अशी: डीपीएफ, कन्व्हर्टर आणि सेन्सर यांना हात लावायचा नाही. त्यांच्या मागचा भाग बदलताना आवाज मूळ गाडीएवढाच ठेवायचा. मोठं काही करायचं असेल तर आधी वाहतूक खात्यात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारायचं. वॉरंटीतली गाडी असेल तर डीलरलाही. अपघातानंतर न कळवलेला बदल हे विमा नाकारायला सोपं निमित्त असतं.

एखादा गॅरेजवाला कन्व्हर्टर ‘फुकटात’ काढून द्यायला तयार असेल तर त्यामागे प्रेम नसतं. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप असतो, आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो.

पाचवी पायरी: पाइप, धातू, सायलेन्सर निवडताना

व्यासाचा मोह आवरा. बाहेरून ५० मिमी पाइप, भिंत दीड मिमी, म्हणजे आतून ४७. त्याऐवजी अडीच इंची, आतून साडेसाठ मिमीचा घेतला तर वाट जवळजवळ ६५ टक्क्यांनी मोठी होते आणि त्या पाइपातला घर्षणाचा विरोध एक-चतुर्थांशाच्या जवळ येतो. दोन-अडीच लिटरच्या इंजिनाला यापुढे जायची गरज नाही. तीन इंची पाइप जड होतो, चेसिसखाली जागा खातो, आणि वाढीव फायदा मोजता येत नाही इतका थोडा असतो. त्यापेक्षा वाकणं कमी करा. एक चपटं वाकण अख्ख्या मोठ्या पाइपाचा फायदा खाऊन टाकतं.

धातूच्या बाबतीत गोवा माफ करत नाही. साधा लोखंडी पाइप किनाऱ्याच्या गाडीला फार टिकत नाही. ॲल्युमिनियमचा लेप असलेला बरा, पण वेल्डिंगच्या जागी लेप जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. ४०९ ग्रेडचं स्टेनलेस वरून तांबूस पडतं, आतून टिकतं, किंमतही आवाक्यात. मासळीच्या गाडीला मी ३०४ च सांगेन. मात्र ३०४ लोखंडाला जोडताना ३०९ ची फिलर वायर वापरायला सांगा, नाहीतर जोडाला चीर जाते. आणखी एक गोष्ट: ३०४ तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त वाढतं. तीन मीटरचा पाइप तीनशे अंशांनी तापला की सुमारे १५ मिमी लांबतो. त्याला हलायला जागा नसेल तर तो फ्लँज (बोल्टने आवळायची जोडाची कडी) किंवा बेलो फोडतो.

पाइपाला गुंडाळायची पट्टी अनेकांना आवडते. कोरड्या प्रदेशात ठीक. आपल्याकडे ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि पाइप तिच्याआड कुजतो. धग अडवायची असेल तर पत्र्याची ढाल, मध्ये हवा खेळू देणारी.

सरळ वाटेच्या सायलेन्सरमधली काचेची लोकर काजळी आणि ओल शोषून बसते, मग आवाज वाढतो. रोजच्या कामाच्या गाडीला कप्प्यांचा सायलेन्सर परवडतो. केबिनमध्ये घुमणारा आवाज हा सगळ्यात दुर्लक्षित त्रास आहे. चार सिलिंडरच्या इंजिनाचे दणके सेकंदाला आरपीएम भागिले तीस इतके, म्हणजे १८०० ला ६०, २४०० ला ८०. नेमक्या याच पट्ट्यात गाडी दिवसभर चालते, आणि केबिन घुमली की मोले येईपर्यंत ड्रायव्हरचं डोकं उठतं. मूळ गाडीतला छोटा रेझोनेटर काढायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, तो यासाठीच बसवलेला असतो.

सहावी पायरी: बसवताना शेजारी उभे राहा

जुने नट फिरत नसतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट ईसीयूच्या वाटेने जाऊ शकतो. डिझेलची नळी, ब्रेकचा पाइप, ॲडब्लूची टाकी जवळ असेल तर पाइप उतरवूनच वेल्ड करावा. फ्लँजचं गॅस्केट आणि टांगायची रबरं नवी घ्या. जुनीच परत लावणं ही चुकीची काटकसर.

आता नेहमी राहून जाणारी गोष्ट. गॅरेजात पाइप बसतो तो रिकाम्या गाडीला. माल भरला की कमानपाटे दबतात, एक्सल वर येतो आणि त्यावरून गेलेल्या पाइपाला जाऊन आदळतो. रिकाम्या गाडीत एक्सल आणि चेसिसच्या रबरी बफरमध्ये जेवढं अंतर असतं, त्याहून जास्त अंतर पाइप आणि एक्सलमध्ये हवं. स्टेपनी, हँडब्रेकची वायर आणि मागचा भार ओळखणारा ब्रेकचा वॉल्व्ह यांच्यापासूनही पाइप दूर हवा. शेपटी बॉडीच्या बाहेरपर्यंत आणा. मधेच तोडली तर धूर ताडपत्रीखाली, भाजीत आणि मागच्या काचेतून केबिनमध्ये येतो. फार खालीही नको, कारण साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पाणी शेपटीतून आत चढतं.

सगळं आवळून झालं की इंजिन सुरू करा आणि जाड ओल्या फडक्याने शेपटीचं तोंड क्षणभर दाबा. फुस आवाज आला तो जोड सैल. साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे दिसतात.

नंतर

चेक इंजिनचा दिवा लागला तर तो ‘नवीन आहे म्हणून’ लागलेला नसतो. तुटका सेन्सर, उलटसुलट लागलेला प्लग किंवा गळती, यांपैकी काहीतरी असतं, आणि बीएस-६ गाडी अशा वेळी ताकद कापून चालते. स्कॅनर लावून कोड वाचा, नुसता पुसू नका. धुराची पीयूसी नव्याने करून घ्या, जुनी मुदतीत असली तरी.

भरलेल्या गाडीने एक घाट चढून-उतरून झाला की थंड गाडीखाली जाऊन सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. पहिल्या तापण्या-थंड होण्यात ते सैल होतातच. काजळीचा नवा पंखा कुठे उमटलाय का, पाइप कुठे घासून चकाकतोय का ते बघा. मग तिसऱ्या पायरीतले आकडे काढा, तोच माल, तोच रस्ता. तिसऱ्या गिअरचा वेळ अर्ध्या सेकंदानेही कमी झाला नसेल आणि ॲव्हरेजही जागेवर असेल तर पाइप नाही, इंजेक्टर आणि टर्बो तपासायची वेळ आलीय. मासळीची गाडी असेल तर पावसाळ्यातही आठवड्याला एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा, एक्सलच्या वरची वाकणं आणि सायलेन्सरच्या टांगण्या विसरू नका. गंज तिथूनच लागतो.